धाकटीचा लांब दोर

माझ्या धाकट्या जावेला आयुष्यात कुणी विचारून काही दिलं नाही. नवरा दिला तो न विचारता, आणि म्हातारपणी कुत्रा दिला तोही न विचारता. त्यातल्या त्यात कुत्रा बरा निघाला, असं तीच म्हणायची. नवरा म्हणजे माझा सख्खा दीर, त्यामुळे ती खोटं बोलत नव्हती हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो. केस पांढरे झाले, गुडघे गेले, तरी धाकटीच. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तिनं जन्म काढला. ओल्या चादरी मशीनमधून ओढायच्या, वाळल्या की घड्या घालायच्या. वाफेत उभं राहून चेहरा असा गुलाबी व्हायचा की लोकांना वाटायचं, बाईची तब्येत काय छान आहे! घरी आली की दीर विचारायचा, "एवढा उशीर का?" काहीही उत्तर दिलं तरी तो भडकायचाच, म्हणून तिनं उत्तर देणंच सोडलं. ती सवय अंगात मुरली. कुणी काही बोललं की धाकटी गप्प, आणि समोरच्याला वाटायचं, हिला पटलं.

दीर गेला. तिची दोन खोल्यांची जागा मुलानं विकली आणि आईला स्वतःच्या फ्लॅटवर नेलं. मुलगा म्हणजे माझा पुतण्या. त्याचं बाथरूमच्या फरशांचं दुकान आहे. वाईट नाही हो तो. आईच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. फक्त तिचं बोलणं त्याच्या कानावर पडतं आणि तिथूनच घरंगळून जातं. सून बँकेत आहे. संध्याकाळी घरी येते ती नुसतं शरीर घेऊन. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. आणि एक नात, शाळेच्या शेवटच्या वर्गातली, कानात सदा गाणी ऐकायचं काहीतरी घातलेली.

तळमजल्यावरचा फ्लॅट. धाकटीची खाट मागच्या बंद गॅलरीत, वॉशिंग मशीनला चिकटून. "ताई, जन्मभर मशीनशेजारी उभी राहिले, आता मशीनशेजारी झोपते," ती मला म्हणाली होती. "बढतीच झाली म्हणायची."

कुत्रा आला तो नातीच्या वाढदिवसाला. हातात मावेल एवढा, पोट तेवढं गरगरीत, म्हणून नाव ढब्बू. त्याचे फोटो काढून झाले. मग तो वाढला, बुटांची चव घेऊ लागला, सोफ्यावर केस सोडू लागला. नातीचे क्लास सुरू झाले. त्याची चटई हॉलमधून पॅसेजमध्ये आली, पॅसेजमधून मागच्या गॅलरीत. त्या घरात नको झालेल्या सगळ्या वस्तू त्याच वाटेनं मागे सरकतात. धाकटी तिथं आधीच पोचलेली होती.

दोघांचं चांगलं जमलं. मी दोन स्टॉपवर राहते, आठवड्यातून एखादी चक्कर व्हायचीच. एरवी तिला बोलतं करायला मला घाम फुटायचा. आता मी जाऊन बसले की ती त्याच्याबद्दल सांगत सुटायची. याला मशीनचा आवाज आवडत नाही, ते घुमायला लागलं की माझ्या पायावर येऊन बसतो. याला उकडलेल्या अंड्याचं पांढरं आवडत नाही, पिवळं आवडतं. "आणि ताई, मी बोलले की मान वाकडी करून ऐकतो हो. पूर्ण ऐकतो."

मी म्हटलं, "पूर्ण ऐकतो म्हणजे आपल्या घराण्यातला नव्हे."

एक दिवस दूधवाल्याला दार उघडलं आणि ढब्बू सुटला. पुतण्या अंघोळ करून नुकता बाहेर येत होता, तो टॉवेलवरच मागे धावला. "ढब्बू! ढब्बू!" पुढे कुत्रा, मागे दुकानदार. गल्ली संपवून कुत्रा थेट मोठ्या रस्त्यावर गेला. बसवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. पुतण्याची अब्रू वाचली की नाही, याबद्दल गल्लीत अजून दोन मतं आहेत.

घरी येऊन पुतण्यानं निकाल सुनावला. त्याच्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, गावाबाहेर हायवेला लागून त्याची कोंबड्यांची शेड. त्याला राखणीला कुत्रा हवाच होता.

"देऊन टाकू त्याला," पुतण्या म्हणाला. "हाकेला येत नाही असलं जनावर घरात नको."

आणि धाकटी बोलली. त्या घरात आल्यापासून मुलाच्या शब्दाविरुद्ध पहिल्यांदा. "मी शिकवते त्याला."

"तू?"

"हो. हाकेला यायला शिकवते."

पुतण्या हसला, सून थकलेलं हसली, नातीनं कानातलं काढून "आजी काय म्हणाली?" असं विचारलं. शेवटी पुतण्या म्हणाला, "ठीक आहे. हिची परीक्षा संपेपर्यंत ठेवू. तोवर हाकेला यायला लागला तर राहील, नाहीतर शेडवर."

त्या संध्याकाळी धाकटीनं मला फोन केला. "ताई, हा गेला तर मी कुणाशी बोलू?" एवढंच बोलली आणि ठेवला.

पाण्याच्या टाकीमागे मोठं मोकळं मैदान आहे. तिथं सकाळी एक दांडगी बाई लोकांची कुत्री शिकवायला येते. गळ्यात शिट्टी, म्हणून तिला सगळे शिट्टीवाली म्हणतात. तोंडानं फटकळ. धाकटी तिकडे ढब्बूला घेऊन गेली ती कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या गळपट्ट्याला बांधून.

शिट्टीवाली लांबूनच ओरडली, "आजी! गळ्याला बांधलीत? मान मोडायचीय का त्याची?"

"मग कुठं बांधू? शेपटीला?"

शिट्टीवालीला हसू आलं. तिथून त्या दोघींचं सूत जुळलं.

धाकटी मला सगळं सांगायची, मीही दोनचारदा मैदानावर जाऊन बाकावर बसले, म्हणून मला माहीत. लांब दोर म्हणजे कुत्र्याला ओढून आणायचं साधन नव्हे, हे शिट्टीवालीनं पहिल्या दिवशीच डोक्यात भरवलं. कुत्र्याला मोकळं वाटावं आणि तरी तो रस्त्यावर जाऊ नये, एवढ्यासाठी दोर. बोलवायचं हाकेनं. दोर ढिला, जमिनीवर लोळता. आणि तो लावायचा हार्नेसला, म्हणजे कुत्र्याच्या छातीवरून पाठीवर येतो त्या अंगपट्ट्याला. "लांब दोरावर कुत्रा सुसाट सुटतो," ती म्हणाली. "दोर संपला की एकदम हिसका बसतो. तो हिसका छातीनं सोसला तर ठीक, गळ्यानं सोसला तर कुत्रा कायमचा अधू."

धाकटीनं हार्नेस घेतला, सपाट पट्टीचा लांब नारिंगी दोर घेतला. नारिंगी का, तर गवतात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा, कुणी पाय अडकून पडू नये. दोराच्या टोकाला हात घालायला फास होता, तो शिट्टीवालीनं कात्रीनं कापूनच टाकला.

"अहो, नवा कोरा!" धाकटी कळवळली.

"फास दगडाला अडकतो, झुडपाला अडकतो. आणि तुम्ही त्यात मनगट घालाल. घालाल की नाही?"

"घालीन," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच कापला. आणि हे कान उघडून ऐका. दोर हाताला कधी गुंडाळायचा नाही. एक वेढासुद्धा नाही. मुठीत घड्या धरायच्या, वेळ आली तर सोडून देता आल्या पाहिजेत. वेढा घातलात तर कुत्रा पळताना बोटं घेऊन जाईल. सुटलेला दोर हातानं पकडायला जायचं नाही, सालटं निघतील. त्यावर पाय द्यायचा. बूट घालून. आणि स्वतःच्या पायात येऊ द्यायचा नाही, या वयात खुबा मोडला तर मी जबाबदार नाही."

लॉन्ड्रीतले जाड सुती हातमोजे धाकटीनं ट्रंकेत जपून ठेवले होते. का ठेवले होते, देव जाणे. ते बाहेर आले. दोराच्या घड्या तिला शिकवाव्या लागल्या नाहीत. चादरीची घालतात तशी लांब, सैल घडी. कुत्रा पळाला की घडीमागून घडी उलगडायची, कुठं गाठ नाही की गुंता नाही. मी म्हटलं, "धाकटे, इस्पितळानं तुला पेन्शन दिली नाही, पण हे दिलं." ती म्हणाली, "हो, आणि गुडघेदुखी दिली. काही दिलंच नाही असं नको म्हणायला."

मग हाक. शिट्टीवाली म्हणाली, नावानं बोलवू नका. घरात दिवसभर "ढब्बू, नको", "ढब्बू, हट" चाललेलं असतं, ते नाव झिजलंय. एखादा कोरा शब्द घ्या, तुमच्या घरात कुणाच्या तोंडी नसलेला.

धाकटीनं जरासा विचार केला. "शाब्बास," ती म्हणाली.

शिट्टीवाली तिच्याकडे बघतच राहिली. मी बाकावरून दुसरीकडे तोंड फिरवलं.

तर "शाब्बास!" म्हणायचं आणि अंड्याचा पिवळा बलक द्यायचा. आधी दोन पावलांवरून, मग दोराच्या अर्ध्यावरून, मग पूर्ण दोरावरून. कुत्रा आला की बलक, लाड, आणि पुन्हा मोकळं. शिट्टीवालीनं एक अट घातली होती, आणि ती सांगताना तिचा फटकळपणा कुठं गेला कोण जाणे. "आजी, हाकेला आलेल्याला कधी फसवायचं नाही. औषध पाजायचंय, बांधायचंय, अंघोळ घालायचीय, तर आपण उठून त्याच्यापर्यंत चालत जायचं. हाक मारली की त्याचं भलंच झालं पाहिजे. एकदा का फसला, की तुमची सगळी मेहनत मातीत."

धाकटी मानायची म्हणजे किती! ढब्बूला घरी न्यायची वेळ झाली तरी हाक मारायची नाही. गुडघे धरत अख्खं मैदान तुडवत त्याच्याजवळ जायची आणि हार्नेसला हात घालायची. मी म्हटलं, "अगं, बोलव की. येईल तो."

"येईल, म्हणूनच नाही बोलवत," ती म्हणाली. "खेळ सोडून घरी जायचं त्याला वाईट वाटतं."

परीक्षा जवळ आली तोवर ढब्बू पक्का झाला होता. समोर मांजर असो, दुसरा कुत्रा असो, "शाब्बास!" ऐकलं की कान मागे टाकून यायचा, असा यायचा की धाकटीला बाजूला सरावं लागायचं. दोर नुसता मागून गवतात सळसळत यायचा. शिट्टीवाली म्हणाली, "आजी, आता दोर नावापुरता." धाकटीचा चेहरा पुन्हा गुलाबी झाला होता, आणि या वेळी वाफ नव्हती.

नातीची परीक्षा संपली त्या रविवारी पुतण्यानं मंडळींना जेवायला बोलावलं. सुनेचे भाऊ-भावजय, मी, आणखी दोघंतिघं. जेवणं झाली. धाकटी मुलाला म्हणाली, "ढब्बू हाकेला यायला लागलाय. दाखवते तुला."

"अरे वा! चला रे, आईची सर्कस बघू," पुतण्या म्हणाला. सगळे हसत मैदानावर.

हार्नेस सकाळी धुतला होता, ओला म्हणून घरी दोरीवरच राहिला होता. धाकटी म्हणाली, "थांब, आणते, ओला तर ओला." तोवर पुतण्यानं दोर कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवलासुद्धा. "काही होत नाही गं."

"गळ्याला नको रे. आणि हातमोजे घाल. हाताला गुंडाळू नकोस."

"आई, मी दिवसभर फरशांच्या पेट्या उचलतो," तो म्हणाला आणि पाहुण्यांकडे बघत त्यानं दोराचे दोन चांगले आवळ वेढे पंजाला घातले. "हा कुत्रा मला काय ओढणार?"

"सोड रे, मला दे."

"अगं, बघ तर!"

मेव्हण्यानं जमिनीवरचा चेंडू लाथेनं उडवला. ढब्बू त्यामागे असा सुटला! दोर सरसर संपला. एकदम ताणला गेला, कुत्रा हवेत उलटा झाला आणि किंचाळला, आणि इकडे पुतण्या तोंडावर. वेढा आवळला होता. दोन बोटं मोडली. हिसक्यानं गळपट्ट्याची कडी निसटली आणि ढब्बू घाबरून मैदानाच्या फाटकाकडे धावत सुटला. फाटकापलीकडे तोच मोठा रस्ता. ना दोर, ना काही.

सगळे पुतण्याभोवती जमले. पाणी आणा, गाडी काढा, बर्फ आहे का. मी तेवढी फाटकाकडे बघत होते. धाकटी मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं हाक मारली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

"शाब्बास!"

कुत्रा फाटकातून अर्धा बाहेर होता. थांबला. वळला. मान एका बाजूला वाकडी, खोकतोय, लंगडतोय, पण आला. सगळं मैदान ओलांडून तिच्या पायाशी येऊन बसला. तिच्या खिशात बलक होता, तो तिनं दिला. 

माझ्याशिवाय हे कुणी पाहिलं नाही. सगळे बोटं बघत होते.

इस्पितळातून प्लॅस्टर घालून आल्यावर पुतण्या म्हणाला, "संपलं. उद्या शेडवाल्याला फोन करतो."

"तो परत आला रे," धाकटी म्हणाली. "फाटकातून परत आला, मोकळा असताना. तूच म्हणाला होतास, हाकेला आला तर राहील."

"आई, माझी बोटं मोडली!"

मी म्हटलं, "बोटं तू मोडलीस. ती सांगत होती गुंडाळू नकोस म्हणून. आणि कुत्रा आला, मी पाहिलं."

"मोठी आई, तुम्ही तिचीच बाजू घेणार." मेव्हण्यासमोर पडलो, हे त्याला बोटांपेक्षा जास्त दुखत होतं. सून हळूच म्हणाली, "राहू द्या की अजून थोडे दिवस." तर तिच्यावरही डाफरला. मग धाकटी गप्प झाली. आणि सगळ्यांना वाटलं, तिला पटलं.

शेडवाला छोटा टेम्पो घेऊन आला. माणूस साधा, हसरा. "बोलवा त्याला," म्हणाला. ढब्बू गॅलरीत खाटेखाली बसलेला. पुतण्यानं "ढब्बू, ढब्बू" करून पाहिलं, तो हलला नाही. "आई, तुझ्या त्या हाकेनं बोलव."

धाकटीनं बोलवलं नाही. ती गॅलरीत गेली, गुडघे टेकून खाटेखाली वाकली, त्याला पुढ्यात ओढलं, आणि तसाच उचलून टेम्पोपर्यंत नेला. चांगला मोठा कुत्रा होता तो. मी आडवी आले तर म्हणाली, "सरा ताई, हे मलाच करायचंय." हार्नेस त्याच्या अंगात घातलेला होता. शेडवाल्याला तिनं सांगितलं, दोर लावाल तो पाठीला लावा, हाताला गुंडाळू नका. तो म्हणाला, "दोर कसला आजी, साखळी आहे माझ्याकडे."

पुढे काही दिवसांनी मी तिच्याकडे बसले होते. दुपारची वेळ. पुतण्या जेवायला घरी आलेला. त्याचा फोन वाजला. शेडवाला होता. कुत्रा साखळीतून मान काढून पळाला होता, शेडसमोर हायवेच्या कडेला उभा होता आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हता. फोनमधून ट्रकचे भोंगे ऐकू येत होते.

पुतण्यानं फोन आईपुढे धरला. "बोल याच्यात. तुझी हाक मार. तो स्पीकर लावून धरतोय."

धाकटीनं मान हलवली. "नाही."

"आई, ट्रकखाली जाईल तो!"

एक भोंगा अगदी फोनजवळ वाजला. धाकटीनं माझ्याकडे बघितलं.  तिनं डोळे मिटले आणि हाक मारली. मैदानावर मारायची तशीच, आनंदी आवाजात. दुःखी हाकेला तो येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"शाब्बास!"

फोनमधून शेडवाल्याचा आवाज आला, "अरे, आला की! धावत आला! फोन चाटतोय!" तो हसत होता. मग कुणीतरी म्हणालं, "धर, धर, आवळून लाव," आणि साखळीचा आवाज आला. कुत्रा बारीक आवाजात काहीतरी बोलला. धाकटीनं स्वतःच फोनचं लाल बटण दाबलं.

"पाहिलंस?" पुतण्या खूष होता. "वाया नाही गेलं तुझं शिकवणं. किती उपयोगी पडलं!"

त्या दिवशी धाकटी जेवली नाही. मला म्हणाली, "बलकसुद्धा नव्हता हो त्या माणसाकडे."

दुसरा फोन आला तेव्हाही मी होते, कारण त्यानंतर मी तिला एकटी सोडतच नव्हते. पुन्हा सुटला होता. या वेळी शेडमागे, शेतांकडच्या बाजूला. पुतण्यानं पुन्हा फोन धरला. धाकटीनं हाक मारली. पलीकडे सगळं शांत. वारा तेवढा ऐकू येत होता.

"थांबला," शेडवाला म्हणाला. "फोनकडे बघतोय. कान टवकारलेत. पुन्हा मारा, आजी."

तिनं पुन्हा मारली.

"नाही हो. वळला. चालला तो. अहो, चालला!"

"आई, जोरात मार की! नीट मार!" पुतण्या ओरडला.

धाकटीनं फोन त्याच्या हातात परत दिला. "नको. कळलं त्याला," ती म्हणाली.

ढब्बू पुन्हा कुणाला दिसला नाही. शेतांकडे गेला, एवढं शेडवाल्यानं पाहिलं. पुढे हायवे वळसा घालून तिकडेही जातो. जगला असेल तर असेल, मी काही गोड करून सांगणार नाही. शेडवाल्यानं दुसरा कुत्रा आणला. शिट्टीवाली मला मैदानावर भेटली, तिला सगळं सांगितलं. तिनं नुसती शिट्टी हातात फिरवली आणि निघून गेली.

परवा गेले होते. पुतण्याची बोटं बरी झालीत, पण एक जरा वाकडं राहिलंय, ते तो पाहुण्यांना दाखवतो आणि कुत्र्याची गोष्ट सांगतो. त्यात आता कुत्रा लांडग्याएवढा झालाय. चहा पिता पिता मला म्हणाला, "मोठी आई, आईनं एवढी मरमर केली त्याच्यावर, पण शेवटी विसरलाच ना? उलट्या काळजाची जात."

धाकटी शेजारीच बसली होती. कप तोंडाला लावलेला, चहा निम्मा राहिलेला.

तेवढ्यात आतून सुनेनं आवाज दिला, "आई, मशीन थांबलंय हो! कपडे तेवढे काढता का?"

धाकटीनं कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबली, मुलाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "तो एकदाच फसला, ताई."

आणि आत गेली. मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग ओले कपडे पिळवटून बाहेर ओढल्याचा. पुतण्या विचारत होता, "काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू चहा पी."